कर्वेनगरचा किराणा गाळा: रॅक आणि मांडणीच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

गाळा ताब्यात मिळाला. तळमजला, तोंड रस्त्याकडे, मागे गोदामापुरती जागा. मालकांना सेल्फ सर्व्हिस किराणा करायचा आहे, पण सुटं धान्यही ठेवायचं आहे. मुहूर्त दसऱ्याचा, म्हणजे २ ऑक्टोबर.

करारातलं क्षेत्रफळ बाजूला ठेवून सगळी मापं नव्याने घेतली. रुंदी तीन ठिकाणी: शटरपाशी ६,२२५ मिमी, मध्ये ६,२१०, मागे ६,२००. ड्रॉइंगमध्ये सगळ्यात कमी तीच धरायची, ६,२००. खोली १४,०२०. दोन कर्णांत ३५ मिमीचा फरक, म्हणजे गाळा गुण्यात (काटकोनात) नाही. रॅकची ओळ एका भिंतीला समांतर लावली की दुसरीकडे ती तिरकी दिसणार. समांतर धरायची ती डावी भिंत, कारण तिथली ओळ सगळ्यात लांब आहे आणि आत येणाऱ्याची नजर तिकडेच जाते.

डाव्या भिंतीत एक कॉलम २३० मिमी पुढे आलेला आहे, रुंदी ४५०, शटरपासून ४,९७५ वर सुरू. बीमचा तळ जमिनीपासून २,७९०. मीटर आणि एमसीबीचा बोर्ड उजव्या भिंतीच्या मागच्या टोकाला.

पाणी भरलेल्या नळीने जमीन तपासली. मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत ५६ मिमी उतार, मीटरला चार. दुकान धुताना हा उतार बरा, रॅक बसवताना तोच डोकेदुखी. डाव्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ओल आहे; पलीकडे सोसायटीची डक्ट. ओलीचं काम सोसायटीचं आहे आणि ते पावसाळ्यात होणार नाही, असं धरूनच मांडणी करायची.

७ ऑगस्ट

आज कॅटलॉग उघडलाच नाही. कॅटलॉगमधला फोटो नेहमी रिकाम्या रॅकचा असतो. मालकांच्या आत्ताच्या छोट्या दुकानात जाऊन जास्त खपाच्या ६० वस्तू फुटपट्टीने मोजल्या आणि काट्यावर ठेवल्या.

शेल्फची खोली आणि पत्र्याची जाडी ठरवणाऱ्या वस्तू चार-पाचच निघाल्या. पाच लिटरचा तेलाचा कॅन साधारण ३२० मिमी उंच, आत तेल साडेचार किलोंच्या वर. वर बोटं घालून उचलायला ५० मिमी तरी मोकळी लागतात आणि शेल्फची कड ३० खाते, म्हणजे दोन शेल्फांतलं अंतर ४००. मीठ दिसायला किरकोळ, पण ९०० बाय ३५० च्या शेल्फवर नऊ पुड्या रुंदीत, पाच खोलीत, दोन थर रचले की ९० किलो झाले. पाच किलोच्या आट्याच्या सोळा पिशव्या म्हणजे ८० किलो. उलट कुरकुरे, चिवडा, पापड अशा फुगीर पाकिटांना जागा हवी, ताकद नको.

नोंद करून ठेवलं: मीठ, साखर, आटा, तेल, कपडे धुण्याची पावडर खालच्या दोन थरांतच.

११ ऑगस्ट

कागदावरची मांडणी.

मालकांच्या नातेवाइकांनी काढलेल्या नकाशात मध्ये तीन दुहेरी रॅक होते. माप टाकून पाहिलं. डाव्या भिंतीचा रॅक ४५० च्या शेल्फचा. पण ४५० हे शेल्फचं माप, रॅकचं नाही; मागचा खांब धरून ४८०. उजवीकडचा ४०० चा, एकूण ४३०. मधला दुहेरी रॅक ३५० च्या शेल्फचा म्हणजे दोन बाजू आणि खांब मिळून ७६०. रुंदीतून भिंतींचे दोन वजा केले की ५,२९० उरतात. तीन मधले रॅक घातले तर २,२८० गेले, उरलेल्या ३,०१० त चार वाटा, प्रत्येकी ७५२ मिमी. म्हणजे अडीच फुटांच्या आत. खाली वाकून मीठ घेणाऱ्या माणसामागून दुसऱ्याला जाता येणार नाही. तो सॉरी म्हणून मागे फिरतो आणि त्या वाटेतला माल बघायचा राहतो.

दोन रॅक घातले तर ३,७७० उरतात. त्याच्या तीन वाटा सारख्या न करता डावी १,४०० केली, बाकीच्या दोन १,१८० आणि १,१९०. डाव्या वाटेत सुटं धान्य आहे; तिथे लोक थांबतात, वजन होईपर्यंत बोलत उभे राहतात. बाकीच्या वाटांत ते चालत असतात.

लांबीचा हिशोब असा. मागचं गोदाम २,४४० आणि पार्टिशन १०० गेलं की विक्रीला ११,४८० उरतात. डावी भिंत सोडली तर शटरपासून ३,००० पर्यंत काहीच उंच नको, तिथे बिलिंगचं काउंटर आणि आत येणाऱ्याला थबकायला जागा. मागे पार्टिशनला लागून दोन काचेच्या दाराचे फ्रिज, मागची हवा धरून ७०० खोल. मधला रॅक ९०० च्या सहा बेचा (बे म्हणजे दोन खांबांमधला एक खण), ५,४३० लांब, दोन्ही टोकांना आडवं लावलेलं एंड युनिट प्रत्येकी ४००, एकूण ६,२३०. फ्रिजपुढची आडवी वाट १,२०० धरली तर ३५० मिमी शिल्लक राहतात.

या ३५० वरून दुपारभर चर्चा झाली. पुरवठादाराचं म्हणणं, अर्धी बे जोडा. आम्ही ते ३५० फ्रिजच्या वाटेला दिले. फ्रिजचं दार ६०० रुंद. १,२०० च्या वाटेत ते पूर्ण उघडलं की पुढे ६०० च राहतात आणि दही घेणारा माणूस आख्खी वाट अडवतो. १,५५० केली की दार उघडं असतानाही ९५० राहतात.

कॉलमवरून रॅक ओढून न्यायचा मोह टाळला. तिथे कमी खोलीची शेल्फं करून घ्यावी लागतात, ती महाग पडतात आणि पुढे बदलायला मिळत नाहीत. डावी ओळ कॉलमपाशी तोडली: अलीकडे चार बे, पलीकडे ९०० च्या पाच आणि ६०० ची एक. कॉलमवर प्लायची पट्टी मारून १५० चे हूक. २३० अधिक १५० म्हणजे ३८०, रॅकच्या ४८० च्या आतच. चाळण्या, गॅसचे लायटर, बाटल्या घासायचे ब्रश तिथे लटकतील. उजवीकडे ३,००० पासून आठ बे, आणि शेवटी ५५० मोकळे, एमसीबी बोर्डासमोर. बोर्डापुढे रॅक लावून पाठीमागचा पत्रा कापणारे दुकानदार पाहिले आहेत. ट्रिप झालं की आधी बिस्किटं उतरवायची, मग खटका वर करायचा.

१४ ऑगस्ट

हाच नकाशा गाळ्यात खऱ्या मापाने आखला. दोऱ्याला खडू लावून रेघा मारल्या, रॅकच्या जागी रिकामी खोकी उभी केली. १,१८० च्या वाटेत दोन माणसं बास्केट घेऊन समोरासमोर चालवली. खांदा थोडा वळवावा लागतो, थांबावं लागत नाही. चालेल.

मधल्या रॅकची उंची १,५०० धरली होती ती १,३५० केली. काउंटरवर उंच स्टुलावर बसलेल्याला पलीकडची डोकी दिसली पाहिजेत. भिंतीचे रॅक २,१००. त्यांचं सगळ्यात वरचं शेल्फ १,८०० वर येतं. पाच फूट उंचीच्या बाईला तिथला माल टाच न उचलता नीट घेता येत नाही, म्हणून तिथे विक्रीचा माल नाही, जादाची खोकी.

१९ ऑगस्ट

तीन कोटेशन आली. दर बेला आहे की नगाला, हेच तिन्हींत वेगळं. सगळी नगांवर आणून ठेवली.

पहिली चूक तिथेच सापडली. एका कोटेशनमध्ये भिंतीच्या १८ बे सगळ्या मेन युनिट धरल्या होत्या, प्रत्येकीला दोन खांब, एकूण ३६. सलग ओळीत दोन बे मिळून मधला खांब एकच लागतो. पहिली मेन, पुढच्या ॲड-ऑन. चारच्या ओळीला ५, सहाच्या ओळीला ७, आठच्या ओळीला ९, असे २१ खांब. पंधरा खांबांचे पैसे वाचले. मधल्या दोन रॅकना दुहेरी खांब १४, चार एंड युनिटांना एकेरी ८.

शेल्फं: भिंतीला बेस (सगळ्यात खालचा थर) सोडून पाच-पाच, म्हणजे ९०. मधल्या रॅकच्या २४ बाजूंना तीन-तीन, ७२. एंड युनिटांना १२. एकूण १७४ शेल्फं, वर ४६ बेस. प्रत्येक शेल्फला दोन ब्रॅकेट, ३४८. पुढे प्राइस स्ट्रिप (किमतीचा कागद सरकवायची पट्टी) २२०: ९०० च्या १९८, एंड युनिटांच्या १६, ६०० च्या बेच्या ६. या शेवटच्या बावीस वेगळ्या लिहिल्या नाहीत तर सगळ्या ९०० च्या येतात आणि जागेवर कातरीने कापत बसावं लागतं.

नमुन्याची दोन शेल्फं मागवली होती. दोन्हींवर 'शून्य पॉइंट आठ' लिहिलेलं. व्हर्नियरने रंगावरून मोजण्यात अर्थ नाही, पावडर कोटिंगच दोन्ही बाजू मिळून सव्वाशे-दीडशे मायक्रॉन भरतं. काट्यावर ठेवलं. ०.८ मिमी पत्र्याचा एक चौरस मीटर ६.२८ किलोचा; वळणांसकट आपल्या शेल्फला पत्रा लागतो ०.४३ चौरस मीटर, म्हणजे २.७ किलो यायला हवं. एक २.७ भरलं, दुसरं दोन किलो आणि वर थोडे ग्रॅम. ते ०.६ चं आहे.

मग दोन्हींवर मिठाच्या पुड्या रचून १०० किलो रात्रभर ठेवले. सकाळी पुढच्या कडेला दोरा ताणून मधला झोळ मोजला: हलकं ९ मिमी, जड आणि खालून पट्टी वेल्ड केलेलं ३ मिमी. भार काढल्यावर हलकं ४ मिमी वाकलेलंच राहिलं. खालच्या दोन थरांना पट्टीसह ०.८, वरच्यांना पट्टीशिवाय ०.८. वर ०.६ चालतं हे खरं, पण सहा महिन्यांनी दुकानातला मुलगा शेल्फं धुऊन परत लावताना कुठलं खालचं होतं ते बघत नाही.

२३ ऑगस्ट

ऑर्डर भोसरीच्या फॅब्रिकेटरला. तारखेची गोष्ट रॅकपेक्षा अवघड निघाली. २७ ला गणपती, ६ सप्टेंबरला विसर्जन, ८ पासून पितृपक्ष. पंधरवड्यात नवी वस्तू दुकानात येणार नाही, असं मालकांच्या आईंनी स्पष्ट सांगितलं आहे. २२ च्या घटस्थापनेला माल भरायला सुरुवात करायची तर रॅक त्याआधी उभे हवेत. म्हणजे पोच ५ सप्टेंबरच्या आत, नाहीतर २२ नंतर. फॅब्रिकेटरला कारण न सांगता नुसती तारीख दिली असती तर त्याने 'दोन दिवस इकडे-तिकडे' धरले असते. कारण सांगितल्यावर म्हणाला, "आमच्या घरीपण तेच आहे हो," आणि ४ तारीख लिहून दिली.

२९ ऑगस्ट

वायरिंग. वायरमनने छतावर टाइल्सच्या रेषेत आडव्या ट्यूब आखल्या होत्या. पुसायला लावल्या. प्रकाश रॅकच्या डोक्यावर नको, वाटेच्या मध्यावर हवा. तिथून तो तिरका होऊन दोन्ही बाजूंच्या पाकिटांच्या तोंडावर पडतो. वाटेला चार याप्रमाणे बारा आणि पुढे दोन, ३६ वॅटच्या चौदा. रंग ४,००० केल्विन. ६,५०० च्या पांढऱ्याफेक उजेडात तूरडाळ फिकी दिसते आणि गूळ काळपट.

भार: दिवे ५०४ वॅट, दोन फ्रिज ७००, आइस्क्रीमचा फ्रीझर २५०, दोन एसी ३,२००, बिलिंग ३००. पाच किलोवॅटला टेकलं. मंजूर भार सिंगल फेज ३ चा आहे. महावितरणकडे थ्री फेज ७ साठी अर्ज. फ्रिजची लाइन वेगळ्या एमसीबीवर, रात्री दुकान बंद करताना बाकीच्या खटक्यांसोबत तोही खाली जाऊ नये म्हणून त्या खटक्याला लाल पट्टी.

४ सप्टेंबर

माल आला. त्याचबरोबर कालच्या जीएसटी परिषदेच्या बातमीने एक निर्णय बदलला. २२ सप्टेंबरपासून एसीवरचा कर २८ वरून १८ टक्के होणार. ३४,००० मूळ किमतीचा एसी आज ४३,५२० ला पडतो, तेव्हा ४०,१२० ला. दोनांत ६,८०० चा फरक. एसी थांबवले, पाइप आणि ड्रेन मात्र आत्ताच टाकून घेतले. रॅकवरचा १८ टक्के तसाच राहतो.

उतरवून घेताना ब्रॅकेट मोजले, ३४८ बरोबर. सही करण्याआधी ढीग वेगळे केले आणि तिथे गडबड निघाली. ब्रॅकेट डावा आणि उजवा असे जोडीने लागतात. दुमडलेली कड शेल्फच्या आतल्या बाजूला आली पाहिजे. डावे १९०, उजवे १५८. म्हणजे जोड्या १५८ च, सोळा शेल्फं अधांतरी. चलनावर तसंच लिहून सही घेतली. एकूण आकडा जुळला की लोक सही करतात, आणि हा घोळ शेवटच्या बेला कळतो, तोवर गाडी गेलेली असते.

५ सप्टेंबर

उभारणी. ओळीची सुरुवात जमिनीच्या उंच टोकापासून, म्हणजे मागून. उंच टोकाला पायाचा बोल्ट जवळजवळ पूर्ण आत घ्यायचा आणि पुढे येत येत बाहेर काढत जायचा. खालच्या टोकापासून सुरू केलं तर वर पोचेपर्यंत बोल्ट संपतो आणि सगळी ओळ पुन्हा उचलावी लागते. मधल्या रॅकला ५,४३० त २२ मिमीचा फरक, बोल्टची फिरकी २५ ची, बसलं. उजव्या भिंतीची ओळ ७,२३० ची, तिथे २९ लागतात. पुढच्या तीन खांबांखाली ६ मिमीच्या लोखंडी पट्ट्या दिल्या. लाकडाची चिपळी नको. फरशी पुसताना पाणी पिते आणि दबते.

खांबांच्या खाचा ५० मिमीवर आहेत. एका बाजूला पाचवी आणि दुसऱ्या बाजूला चुकून सहावी खाच धरली तर शेल्फ तिरकं बसतं हे लगेच दिसतं. न दिसणारी चूक म्हणजे ब्रॅकेटचे तीनपैकी दोनच दात आत जाणं. प्रत्येक ब्रॅकेट हाताच्या तळव्याने खाली ठोकायचा आणि मग वर ओढून पाहायचा. हलला तर तो बसलेला नाही.

डाव्या ओलीच्या भिंतीपासून रॅक २५ मिमी पुढे, मागचा पत्रा जाळीचा. मापात हे आधी धरलं नव्हतं, त्यामुळे डावी वाट १,३७५ झाली. एकाआड एक खांब २,००० उंचीवर एल क्लॅम्पने भिंतीला. क्लॅम्पची भोकं ओलीच्या वर आली, तेवढं बरं.

६ सप्टेंबर

विसर्जन. काम बंद.

९ सप्टेंबर

फॅब्रिकेटरचा माणूस सोळा उजवे ब्रॅकेट घेऊन आला, सोळा डावे घेऊन गेला. हे नवं मानायचं की नाही यावर दारातच विचार झाला. बदली आहे, खरेदी नाही, असा निकाल आईंनी दिला.

काउंटर: १८ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, वरून लॅमिनेट, लांबी १,५००, गिऱ्हाइकाच्या बाजूला ९०० उंच. गल्ल्याचा ड्रॉवर ४१० रुंद आणि तेवढाच खोल. तो उघडल्यावर स्टूल मागे सरकायला जागा लागते म्हणून काउंटर भिंतीपासून ९०० वर. सुताराने ७५० धरलं होतं.

१५ सप्टेंबर

सुट्या धान्याचे डबे. डावीकडच्या पहिल्या चार बे. डब्याचं आतलं माप ३०० बाय ४०० बाय ३५०, म्हणजे ४२ लिटर, तांदूळ-डाळ ३३ किलोंच्या आसपास. हे माप मुद्दाम: ३० किलोचा कट्टा एका वेळी पूर्ण रिकामा झाला पाहिजे. अर्धा कट्टा सुतळी बांधून गोदामात राहिला की पोरकिडे तिथूनच सुरू होतात. पोह्यांना हाच हिशोब चालत नाही, तेवढ्याच डब्यात ते निम्म्याहूनही कमी वजनाचे मावतात.

वरून माल ओतायचा आणि वरूनच घ्यायचा, यात तळाचा माल महिनोन्‌महिने हलत नाही. म्हणून आत कडी असलेला उचलायचा डबा; जुनं आधी उपसायचं, खाली नवं भरायचं, जुनं वर. कंटाळवाणं काम आहे आणि ते न होण्याचीच शक्यता जास्त, म्हणून डब्यावर भरल्याची तारीख लिहायला पाटी लावली. ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा जुन्या दुकानातून येईल. वैधमापन खात्याची मुद्रा (काटा तपासल्याचा शिक्का) चालू वर्षाची आहे, पाहून घेतली.

बोर्डासाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात अर्ज. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, डिझायनरने आधी उलटं केलं होतं.

२२ सप्टेंबर

माल भरायला सुरुवात. आणि आजपासूनच नवे कर. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५. एकाच साबणाच्या दोन छापील किमती गोदामात. सॉफ्टवेअरमध्ये एमआरपीनुसार वेगळी बॅच केली, आणि शेल्फवर दोन्ही एकत्र ठेवू नका असं सांगितलं. नाहीतर प्राइस स्ट्रिपवर एक, पाकिटावर दुसरी, बिलावर तिसरी. स्ट्रिपमधले कागद या आठवड्यात पेन्सिलीनेच लिहायचे.

शेजार: उदबत्ती, कापूर आणि कपड्यांची पावडर उजव्या ओळीच्या मागच्या टोकाला, चहा आणि आट्यापासून सगळ्यात लांब. आटा उदबत्तीचा वास चार दिवसांत धरतो. मीठ, साखर, गूळ ओलीच्या भिंतीला अजिबात नाही, मधल्या रॅकला. डाव्या भिंतीच्या खालच्या थरात तेलाचे कॅन आणि बाटलीबंद माल. पुढच्या एंड युनिटांवर सध्या साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू.

२७ सप्टेंबर

ओळखीच्या दहा घरांना बोलावून खरी खरेदी करून घेतली. दोन गोष्टी बदलल्या. बास्केटा दाराशीच रचल्या होत्या, पण कुणी उचलल्या नाहीत. आत येताना बास्केट लागते कशाला, असं वाटतं. हात भरतात ते डाव्या वाटेत तिसऱ्या बेपाशी. निम्म्या बास्केटा तिथे हलवल्या.

दुसरं, काटा डब्यांच्या शेवटी होता, त्यामुळे वजनाची रांग थेट कॉलमपर्यंत. काटा डब्यांच्या मध्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेच्या मध्ये आणला. डब्यांची एक खालची जागा गेली.

३० सप्टेंबर

एसी बसले. एसीतून बाहेर पडणारी हवा रॅकच्या वरच्या खोक्यांना अडते म्हणून इनडोअर युनिटखालच्या दोन बेवर १,८०० च्या शेल्फवर काहीही ठेवायचं नाही. तशी चिठ्ठी पत्र्यालाच चिकटवली. भारलेले रॅक पुन्हा लेव्हलने तपासले. डाव्या ओळीचा, तेलाच्या कॅनमागचा एक खांब ३ मिमी खचला होता, बोल्टचा नट सैल राहिला होता. कॅन उतरवून आवळला.

राहिलं: थ्री फेजचा मीटर यायचा आहे, तोवर एका वेळी एकच एसी. ६०० च्या बेची एक प्राइस स्ट्रिप कमी आली आहे.